जवाबाची टिपरी

"एवढं मोठं धूड आनलं घरात, अन् वाजते तं कसं, जसं म्हशीच्या पोटात दुखून राहिलं."

गिरजाबाई हे पाट्यावरच्या मिरचीला सांगत होत्या. उषाबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर चुलीपुढं बसल्या होत्या, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. गिरजाबाई नात्यानं नणंद, वयानं मोठ्या. विधवा होऊन सानगडीला भावाकडे आल्या त्याला वीस वर्षं झाली, आणि वीस वर्षांत त्यांनी कुठलीच तक्रार थेट माणसाकडे केली नव्हती. मिरची, सूप, मांजर, जे समोर असेल त्याच्याकडे करायच्या.

"रविवारी व्हिडिओ पाठवला का झालं, बाई," उषाबाई म्हणाल्या. "मंग जाते पोरगी नागपूरले, धूड घेऊन."

"मी तुले काही म्हटलं का?" पाट्यावर वरवंटा दोनदा फिरला. "धानाचे पोते ठेवाले जागा नाही, अन् हे शाल पांघरून कोपऱ्यात उभं. पहाटे उठली तं मले वाटलं कोनी बाईच उभी हाय. मी तिले बस म्हटलं."

उषाबाईंना हसू आलं. मग सपरीतून, पुढच्या पडवीतून, पुन्हा तोच आवाज सुरू झाला आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

ते धूड म्हणजे चेलो. व्हायोलिनची थोरली जाऊ म्हणावी असं वाद्य. स्टुलावर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून, वरून गज ओढायचा. उषाबाईंची लेक उर्वशी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तेव्हा तिच्या होस्टेलच्या शेजारी एक चर्च होतं. तिथं रेल्वेतून रिटायर झालेले डिसिल्वा सर रोज दुपारी हे वाजवायचे. उर्वशीची परीक्षा होती. जरा हळू वाजवा म्हणून सांगायला गेली आणि दोन तास तिथंच बसून राहिली. त्याला आता आठ वर्षं झाली. पोरगी दवाखान्यात ड्यूटी करायची आणि उरलेल्या वेळात सरांकडे शिकायची. आता स्पेन देशातल्या कुठल्याशा संगीतशाळेत वर्षभराची जागा निघाली होती. खर्च तेच करणार होते. फक्त एकट्यानं वाजवलेल्या चेलोचा व्हिडिओ पाठवायचा होता, एका दमात, कुठंही न कापता. रविवार हा शेवटचा दिवस.

दिवाळी आटोपली होती. हलका धान कापून झाला होता आणि गावोगावच्या मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, दिवस होते. सानगडीची मंडई रविवारीच.

वाजवायचं होतं तेही स्पेनचंच. उर्वशीनं आल्या दिवशी आईला समजावून सांगितलं होतं. उषाबाई तांदूळ निवडत होत्या.

"तीन नाच आहेत, आई. तिकडच्या खेड्यातले. पहिला हळू, राजवाड्यात नाचल्यावानी. दुसऱ्यात लोकं हात धरून गोल उभे राहतात, गावच्या चौकात. कोनीबी मधात घुसावं, गोल मोठा होते. त्यात एक जण पावलं मोजत असते. आता संपलं असं झालं का तो बाजूच्याचा हात दाबते, तो त्याच्या बाजूच्याचा. असं करून सारे एकाच वेळी थांबतात."

"चांगलं आहे. आपल्याकडं कोनी कोनाचं आयकत नाही. अन् तिसरा?"

"तिसऱ्यात उड्या आहेत. हातात लाकडाचे चकले असतात, टिपऱ्यासारखे टाक् टाक् वाजवतात. तीन-तीनचा ठेका."

"मंग हे सारं कोन वाजवते? बासरीवाला, ढोलवाला?"

"कोनीच नाही. मी एकटीच. बासरी मीच, ढोलकं मीच, पायबी मीच."

उषाबाईंनी तांदळातला खडा काढून अंगणात फेकला. "अन् नाचनारे?"

"नाचनारे नाहीतच न, आई. पन आयकनाऱ्याले दिसले पायजेत."

उषाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. नाचणारे नाहीत, पण दिसले पाहिजेत. या घरात ते कोणाला शिकवायची गरज नव्हती.

सरांचा निरोप शुक्रवारी आला. उर्वशीनं तो सपरीत सगळ्यांपुढं लावला. सरांची भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी. "बेटा, सब ठीक है. लेकिन तिसऱ्या नाचात तू रुकती है. दर वेळी तिथंच, चौथ्या फेरीला. एक मात्रा जास्त. वहाँ गड्ढा है, नाचणारा गिर जाएगा."

"मी थांबतच नाही," उर्वशी म्हणाली. तिनं मोबाइलवर ठेक्याचं टकटक लावून वाजवून पाहिलं. चौथ्या फेरीला टकटक एका मात्रेनं पुढं निघून गेलं. तिला वाटलं मोबाइलच बिघडला. तिनं आईचा मोबाइल घेतला. तोही पुढं गेला.

"आई, तुले तरी आयकू येते का गड्डा?"

"मले काय समजते त्यातलं," उषाबाई म्हणाल्या.

समजलं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळी समजलं होतं. फक्त त्यांनाच नव्हे. त्या जागी आलं की गिरजाबाईंचा वरवंटा उचललेलाच राहायचा. बाहेर बाजेवर पडलेल्या उषाबाईंच्या नवऱ्याचं, मधुकररावांचं बोट बाजेच्या माच्यावर ठेका धरायचं, चौथ्या फेरीला वर जायचं आणि तसंच हवेत थांबायचं. एक मात्रा. मग चेलो पुढं चालू व्हायचा, बोट खाली यायचं, वरवंटा फिरायचा. अख्खं घर त्या एका मात्रेपुरतं श्वास धरायचं आणि सोडायचं, आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही.

मधुकरराव गावच्या दंडारीचे म्होरके. दंडार म्हणजे मंडईतला टिपऱ्यांचा नाच, बापापासून चालत आलेला. इतर गावांत टिपरीवर टिपरी पडत जाते. पण मधुकररावांच्या वडिलांनी आपल्या दंडारीत एक खोड घालून ठेवली होती. म्होरक्यानं तीन फेऱ्या वाजवायच्या आणि चौथ्या फेरीला हात वर नेऊन एक मात्रा रिकामी सोडायची. ती मात्रा समोरच्याची. समोरून एकच टिपरी पडायची, टक्. त्याला जवाब म्हणायचे. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, कारण जवाब येईपर्यंत सगळी रांग एका पायावर उभी असायची.

आठ वर्षांचा झाल्यापासून जवाब भुपेंद्र द्यायचा. उर्वशीचा दादा. तो द्यायचा आणि ही लहान पोरगी मांडवाच्या खांबाला धरून डब्याच्या झाकणावर ठेका वाजवायची. त्याची मात्रा आली की हात आवरून वाट बघायची. सात-आठ वर्षं दर मंडईला. ते हाडात गेलं होतं. स्पेनचा नाच तीनच्या ठेक्यात उड्या मारत आला, चौथी फेरी आली, आणि पोरीचा हात आपोआप दादाला जागा देऊन मोकळा झाला.

भुपेंद्र दोन वर्षांपूर्वी पोळ्यानंतरच्या आठवड्यात लाखांदूरकडून घरी यायला निघाला होता. तिकडे राईस मिलवर ऑपरेटर होता. त्या दिवशी दंडारीची तालीम होती आणि पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. मधुकररावांनी फोन केला. "आज आला नाही तं तुझी जागा दुसऱ्याले देतो." बाप सगळ्या पोरांना तालमीला बोलावताना हेच म्हणायचा, गेली तीस वर्षं. चुलबंद नदीच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. मोटरसायकल तिसऱ्या दिवशी बेशरमाच्या झुडपात अडकलेली मिळाली. तो मिळाला नाही.

मिळाला नाही, एवढंच घरात म्हटलं गेलं. त्याच्या नावानं कोणी पाणी सोडलं नाही. पितृपक्षात गिरजाबाई सासर-माहेरच्या सगळ्यांचे घास मोजून ठेवायच्या आणि शेवटी हात पदराला पुसत उठायच्या. मतदार यादीवाले गुरुजी आले तेव्हा उषाबाईंनी "बाहेरगावी आहे" सांगितलं. गुरुजी गावचेच होते. त्यांनी मान खाली घालून तसंच लिहून घेतलं.

कारण मेला म्हटलं की पुढं कशानं, असं येतं. कशानं म्हटलं की रपटा येतो, आणि रपटा आला की तो फोन येतो. उषाबाईंनी नवऱ्याला त्या फोनबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त घरात असं बोलायची पद्धत पाडली, की भुपेंद्र आल्यावर छपराचे कवेलू फेरू, भुपेंद्र आल्यावर बघू. मधुकरराव हो म्हणायचे. दंडार त्यांनी बंद केली. जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही.

शनिवारी सकाळी सेवकराम आला. सेवकरामचं चौकात किराणा दुकान, आणि दंडारीची ढोलकी त्याच्या गळ्यात तीस वर्षं. हातात लाकडी स्टूल होतं. उर्वशीनं मागितलं होतं, कारण घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गजाबरोबर कुरकुरायच्या.

"घे, पोरी. दुकानातलं गिऱ्हाइकाचं स्टूल आहे. फुकट बसनारे लय बसले यावर, आज कामाचं कोनी बसन." मग बाजेकडे वळून म्हणाला, "मधुकरराव, उद्या मंडई आहे."

"आहे न."

"पोट्टे म्हनतात, बुवा नाही नाचले तं नाही, मांडवात येऊन बसले तरी चालते."

"धान उचलाचा आहे, सेवकराम."

"धान तं काल उचलला तुम्ही."

मधुकररावांनी बाजेवरची दोरी ओढून बघितली, जणू तिचं काहीतरी ढिलं झालं होतं. आत उर्वशीनं तिसरा नाच सुरू केला. सेवकराम ऐकत उभा राहिला. दुसऱ्या फेरीला त्याचे खांदे हलायला लागले, तिसरीला बोटं मांडीवर पडायला लागली. "हे तं बाप्पा आपलीच—" एवढं तो बोलला आणि चौथी फेरी आली.

त्याचा हात थांबला. सपरी, अंगण, चूल, सगळं थांबलं. आणि उषाबाईंना टिपरी ऐकू आली. टक्. कोरडी, साफ, दाराच्या दिशेनं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर गोठ्याची सावली आणि शेजारच्यांचं कोंबडं. लाकूड तडकलं असेल, कवेलू सरकलं असेल. पण सेवकरामही दाराकडेच बघत होता.

चेलो पुढं निघून गेला.

"आपली का?" उषाबाईंनी विचारलं. आवाज त्यांना हवा त्यापेक्षा बारीक निघाला.

"नाही, काही नाही, वयनी." सेवकरामनं चपला शोधल्या, ज्या त्याच्या पायातच होत्या. "उद्या बारापर्यंत मांडवातला भोंगा दाबून ठेवतो मी. तवरीक होऊ द्या पोरीचं." तो गेला. चहा न घेता सेवकराम गेला, ही गोष्ट गिरजाबाईंनी मांजराला सांगितली.

त्या दिवसभर उर्वशी तीच एक जागा वाजवत राहिली. संध्याकाळी गज बाजूला ठेवून ती आईजवळ येऊन बसली. बोटांची टोकं लाल झाली होती.

"सर म्हनतात, बाकी सारं नीट आहे. एवढ्यासाठीच नाही घेनार ते लोकं. ठेका चुकला असंच समजतीन न."

"नाही घेतलं तं नाही घेतलं. नोकरी आहे तुले."

"तुले मी जाऊ नये असं वाटते का?"

उषाबाईंनी तिच्या हाताला खोबरेल तेल लावलं. हो म्हणणं खोटं नव्हतं आणि नाही म्हणणंही खोटं नव्हतं. पोरगी एवढ्या पाण्यापलीकडं जाणार या विचारानं त्यांना दोन महिने झोप नव्हती. आणि तरी खरी अडचण ती नव्हतीच. एका वाक्यात त्या लेकीला सांगू शकत होत्या, की तू कुणासाठी थांबतेस. मग ती थांबली नसती. तिनं ती मात्रा भरून काढली असती, स्पेनची जागा मिळवली असती. पण भुपेंद्रला घरात उरलेली जागा तेवढीच होती, एका मात्रेची. ती आपण होऊन बुजवायची, हे आईच्या हातून कसं व्हावं? लेकीच्या नशिबाला भोक पाडून लेकाला त्यात उभं करत होतो आपण. हे त्यांना कळत होतं, आणि कळूनही त्या तेल लावत बसल्या.

रविवारी दहा वाजता सपरी झाडून-पोतेरा मारून तयार होती. चेलोच्या खालचा लोखंडी दांडा शेणाच्या भुईत रुतायचा, म्हणून खाली पाट दिला. मोबाइल पायलीभर तांदळात खोचून उभा केला. गिरजाबाईंनी मांजराला खोलीत कोंडलं आणि स्वतः नवं लुगडं नेसून चुलीच्या दारात बसल्या, का तर व्हिडिओत आलोच तर बरं दिसावं. मधुकरराव बाज सोडून भिंतीला टेकून आत बसले. ते आत आले हेच नवल होतं. उषाबाई मोबाइलच्या मागं, पायलीला हात लावून.

पहिल्या वेळी हळू नाच फार छान झाला. दुसऱ्यात उर्वशीनं तार नुसती हलकेच शिवली आणि लांबून, वेशीबाहेरून बासरी आल्यासारखी वाटली. गिरजाबाईंनी मान वळवून मागं पाहिलं. मग तिसरा. उड्या, लाकडाचे चकले, पाय, सगळं त्या एका पोटातून. चौथी फेरी. गड्डा.

दुसऱ्या वेळीही तेच.

उर्वशीनं मोबाइल उचलून स्वतःचं वाजवणं पाहिलं. आजवर तिनं नुसतं ऐकलं होतं. आता दिसत होतं. तिनं मागं नेऊन पुन्हा पाहिलं.

"आई."

"काय?"

"मी कुठं पाहून राहिली इथं?"

पडद्यावर गज हवेत होता आणि पोरगी मान वळवून दाराकडे बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं, लहानपणचं, मांडवाच्या खांबाजवळचं. आता कोणी येणार, आता वाजवणार, असं.

"उजेड येते न तिकडून," उषाबाई म्हणाल्या.

"दर वेळी?"

मधुकरराव भुईकडे बघत होते. गिरजाबाई लुगड्याचा काठ दुमडत होत्या. उर्वशीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिला समजलं की नाही ते सांगता आलं नसतं. समजू लागलं होतं आणि ती समजून घ्यायला तयार नव्हती, असा तो चेहरा होता. तिनं मोबाइल पुन्हा तांदळात खोचला. साडेअकरा झाले होते.

"शेवटचं," ती म्हणाली. "याच्यात झालं तं झालं."

पहिला नाच. दुसरा नाच. गोल मोठा होत गेला, लोक हात धरत गेले, कुणीतरी मोजत राहिलं. उषाबाईंना वाटलं सपरी भरून गेली आहे, बसायला जागा नाही. तिसरा सुरू झाला. एक फेरी. मधुकररावांचं बोट भुईवर. दोन. बाहेर लांब मांडवात कुणी ढोलकीवर थाप मारून बघितली आणि लगेच थांबली, सेवकरामनं हात धरला असणार. तीन. उर्वशीचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम. आता नाही थांबायचं, नाही थांबायचं, असं ओठांवर दिसत होतं.

चार.

गज वर गेला. डोळे उघडले. मान दाराकडे वळली. या वेळी गज खाली आलाच नाही. एक मात्रा गेली, दोन गेल्या. ती वाट बघत राहिली. आणि भिंतीशी मधुकरराव, पासष्ट वर्षांचा म्होरक्या, बोट हवेत धरून दाराकडे बघत होता. गिरजाबाई दाराकडे बघत होत्या.

व्हिडिओ चालू होता. उषाबाई पायलीमागून उठल्या. गुडघा दुखला, भिंतीला हात लावला. त्या चालत लेकीसमोर आल्या आणि तिच्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहिल्या. तिला दार दिसेना. पोरीची हनुवटी त्यांनी हातात धरली, तेल लावताना धरायच्या तशी, आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्याचं बोट अजून खाली आलं नव्हतं.

"तिकडं नको पाहू, बाई," त्या म्हणाल्या. "तिकडून कोनी येत नाही. तुझा दादा मेला."